प्रतिबंधक आणि दाह

अग्नीच्या संयोगात असूनही एखादी वस्तू जळली नाही, तर त्या वेळी अग्नीचे काय झाले असे मानावे, हा भारतीय दर्शनांतील एक जुना आणि वरवर दिसतो त्याहून फार खोल प्रश्न आहे. मीमांसक आणि नैयायिक यांच्यात तो शतकानुशतके चर्चिला गेला आणि त्या चर्चेत मण्याचे उदाहरण कायम राहिले : विशिष्ट मणी जवळ ठेवला की अग्नी जाळत नाही आणि तो दूर केला की पुन्हा जाळू लागतो, एवढे दोन्ही पक्ष गृहीत धरत. असा मणी कोणी पाहिला असेल असे आज मानता येत नाही, म्हणून हा सारा वाद कल्पित उदाहरणावर उभा आहे असे म्हणून तो बाजूला सारण्याकडे आधुनिक वाचकाचा कल असतो. तो कल योग्य नाही. जवळ असताना दाह थोपवणारी आणि काढून घेतल्यावर दाहाला वाट मोकळी करून देणारी वस्तू आज प्रत्यक्ष वापरात आहे. टर्बोचार्जर असलेल्या मोटारीच्या बॉनेटखाली, एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती गुंडाळली जाणारी उष्णतारोधक पट्टी, जिला गॅरेजमध्ये नुसते ‘रॅप’ म्हणतात, ती ही वस्तू होय. तिचे काम नीट समजून घेतले तर मण्याच्या वादातील कोणता पक्ष कुठपर्यंत टिकतो हे अधिक नेमकेपणाने सांगता येते आणि दोन्ही पक्षांनी न विचारलेला एक प्रश्नही समोर येतो.

मीमांसकांचे म्हणणे असे की मणी असताना आणि नसताना अग्नी तोच असतो, काष्ठ तेच असते आणि त्यांचा संयोगही तोच असतो, तरीही एकदा दाह होतो आणि एकदा होत नाही. ज्या अर्थी दिसणाऱ्या सर्व गोष्टी समान असून कार्यात भेद पडतो, त्या अर्थी अग्नीत ‘शक्ती’ नावाची काही अतींद्रिय, म्हणजे इंद्रियांना न कळणारी, गोष्ट मानली पाहिजे, जी मण्याने नष्ट होते आणि मणी दूर होताच पुन्हा उत्पन्न होते. नैयायिकांनी हे नाकारले. उदयनाचार्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’त, पुढे 14व्या शतकातील मिथिलेच्या गंगेशोपाध्यायांपासून चालत आलेल्या नव्यन्यायात आणि 17व्या शतकातील विश्वनाथांच्या ‘सिद्धांतमुक्तावली’त त्यांची भूमिका आढळते ती अशी की अग्नीत काहीच नष्ट होत नाही, दाहाची सामग्री, म्हणजे कार्य घडण्यासाठी एकत्र यावा लागणारा कारणांचा समुदाय, मणी असताना अपुरी राहते, कारण मण्याचा अभाव हाही त्या समुदायातील एक घटक आहे. ज्याचा अभाव एखाद्या कार्याला कारण होतो तो त्या कार्याचा ‘प्रतिबंधक’, आणि प्रतिबंधक असतानाही जो कार्य घडवून आणतो तो ‘उत्तेजक’, अशा संज्ञा या विचारातून पक्क्या झाल्या. भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ मुंबईत तयार झाला आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेने तो पुढे पुन्हा काढला, त्यामुळे मराठी अभ्यासकाला ही परिभाषा परकी नाही. ती यंत्राजवळ नेऊन पाहण्याची सवय मात्र लागलेली नाही.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने 1905 मध्ये ज्या कल्पनेचे पेटंट घेतले त्या कल्पनेवर आजचा टर्बोचार्जर उभा आहे. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू एका चक्राला, म्हणजे टर्बाइनला, फिरवतो आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. इंधनातील ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा एक्झॉस्टवाटे निघून जातो, आणि पूर्ण भारावर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनात या वायूचे तापमान 900 अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. अशा वेळी ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड, म्हणजे सर्व सिलिंडरांचा धूर एकत्र करणारी जाड नळी, अंधारात लालबुंद दिसतो. तप्त पृष्ठभागाकडून होणारे प्रारण, म्हणजे मधल्या माध्यमावाचून किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर पडणे, निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, हा योझेफ श्टेफान याने 1879 मध्ये मांडलेला नियम इथे निर्णायक ठरतो, कारण त्या नियमाने 300 अंशांच्या पृष्ठभागापेक्षा 900 अंशांचा तसाच पृष्ठभाग सुमारे 17 पट प्रारण करतो. शेजारी असतात रबरी होज, वायरींची वेष्टने, प्लॅस्टिकचे भाग आणि इंजिनाकडे जाणारी हवेची नळी. हवा 30 ऐवजी 60 अंशांवर आत गेली तर त्याच दाबाखाली तिची घनता सुमारे 9 टक्क्यांनी घटते, तेवढा प्राणवायू कमी मिळतो, आणि ज्या हवेसाठी टर्बो बसवला तीच हवा टर्बोच्या उष्णतेने विरळ होऊन बसते.

रॅप काचतंतूंचा किंवा बेसाल्ट वितळवून काढलेल्या तंतूंचा असतो. बेसाल्ट हा सह्याद्रीचा काळा पाषाण, तिथे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारूपाने आलेला हा खडक जगात अन्यत्रही आढळतो आणि त्याचे तंतू आज अग्नीला आवर घालण्यासाठी वापरले जातात, हे विलक्षणच म्हटले पाहिजे. उष्णता अडवण्याचे काम मात्र मुख्यतः तंतू करत नाहीत, तर तंतूंच्या मधल्या सूक्ष्म पोकळ्यांत अडकून स्थिर झालेली हवा ते करते. मातीचा घट भट्टीत भाजला असता त्याचा रंग कसा बदलतो, याविषयी वैशेषिक आणि नैयायिक यांच्यात जो मतभेद होता त्यात नैयायिकांनी असे म्हटले होते की घट न फुटता अखंड राहतो आणि त्याच्यातील सूक्ष्म छिद्रांतून तेजाचे अवयव आत शिरतात. या मताला ‘पिठरपाक’ म्हणतात. घट अणूंपर्यंत विघटित होऊन पुन्हा जुळतो या वैशेषिकांच्या ‘पीलुपाक’ मतापेक्षा ते अनुभवाला कितीतरी जवळचे आहे, यात शंका नाही. परंतु छिद्र म्हणजे तेजाचे द्वार, हा त्यातील समज रॅपच्या बाबतीत उलटा ठरतो, कारण इथे छिद्रे पुरेशी लहान आणि कोरडी असली की तीच भिंतीचे काम करतात.

आता मण्याचा प्रश्न रॅपला लावून पाहावा. रॅप गुंडाळल्यावर शेजारची होज वितळत नाही, म्हणजे होजच्या संदर्भात दाह थांबला. मीमांसकांच्या मताप्रमाणे इथे अग्नीची दाहशक्ती नष्ट झाली असे म्हणावे लागेल; पण नळीच्या आत मोजमाप केले तर वायू पूर्वीपेक्षा अधिक तप्त राहिल्याचे आढळते, कारण वाटेत गमावली जाणारी उष्णता आता त्याच्यातच उरते, आणि म्हणूनच टर्बाइनला अधिक ऊर्जा मिळून ती लवकर वेग घेते. ज्याची शक्ती नष्ट झाली म्हणावे तो अधिकच समर्थ झालेला दिसतो. होजला जाळण्याची शक्ती वेगळी आणि टर्बाइन फिरवण्याची शक्ती वेगळी, पहिलीच काय ती नष्ट झाली, असा बचाव मीमांसक करू शकतील. परंतु मग वायर, बॅटरी, रंग, मेकॅनिकचा हात, जेवढ्या वस्तू तेवढ्या शक्ती मानाव्या लागतील आणि प्रत्येकीचा नाश आणि पुनर्जन्म वेगळा कल्पावा लागेल. थोडक्या कल्पनेत काम भागत असताना अधिक कल्पना करण्याच्या या दोषाला न्यायशास्त्रात ‘गौरव’ म्हणतात, आणि अनंत शक्ती व त्यांचे अनंत नाश मानण्याचा गौरवदोष नैयायिकांनी मीमांसकांवर दाखवला होता तो हाच. इथपर्यंत नैयायिकांचा पक्ष सरस आहे हे मान्य केले पाहिजे.

नैयायिकांवरचा सर्वांत कठीण आक्षेप असा की अभाव, जो मुळात काही नसणेच आहे, तो कार्य घडवणार कसा. या आक्षेपाला मण्याच्या उदाहरणापेक्षा कितीतरी भक्कम उत्तर टर्बोचार्जरच्या मधल्या भागात सापडते. टर्बाइनचा दांडा मिनिटाला 1 लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो, आणि त्याला आधार देणाऱ्या बेअरिंगमधून इंजिन ऑइल सतत वाहत असते. ते वंगण करते आणि त्याबरोबर टर्बाइनकडून येणारी उष्णताही वाहून नेते. भरधाव वेगाने लांबचा घाट चढून आलेली गाडी थांबवून इंजिन तत्काळ बंद केले, तर सिलिंडरांतील ज्वलन संपते, तप्त वायूचा प्रवाह थांबतो, म्हणजे अग्नी विझतो. आणि नेमक्या त्याच क्षणानंतर बेअरिंगचे तापमान चढू लागते आणि तिथे अडकलेले ऑइल करपून त्याचा कठीण कोळसा होऊ शकतो. अग्नी पेटलेला असताना जे ऑइल करपले नाही ते अग्नी विझल्यावर करपले. या दोन क्षणांमध्ये नव्याने आलेले भावरूप असे काहीच नाही. टर्बाइनच्या जाड धातूत साठलेली उष्णता आधीही होती, ऑइल आधीही होते, बेअरिंगही होते. नवीन आहे तो केवळ प्रवाहाचा अभाव. वाहते ऑइल हा दाहाचा प्रतिबंधक होता आणि त्याच्या अभावाने सामग्री पूर्ण झाली, एवढ्या सरळ वाक्यात नैयायिक या घटनेचा उलगडा करतात, तर अग्नीत शक्ती पुन्हा उत्पन्न झाली असे म्हणण्यासाठी मीमांसकांच्या हाती ज्वाळाच उरलेली नसते. अनेक टर्बोंमध्ये मधल्या भागाभोवती पाणी खेळवलेले असते आणि इंजिन बंद झाल्यावरही तप्त पाणी वर चढून गार पाणी खाली येण्याच्या नैसर्गिक गतीने ते काही काळ वाहत राहते. एका प्रतिबंधकाचा अभाव होणार हे ओळखून ठेवलेला तो दुसरा प्रतिबंधक आहे.

मात्र दोन्ही पक्षांनी एक गोष्ट विचारली नाही : मण्याने जो दाह झाला नाही, त्याची उष्णता गेली कुठे? कार्य एकतर उत्पन्न होते किंवा होत नाही, एवढ्याच चौकटीत वाद चालल्यामुळे हा प्रश्न उद्भवलाच नाही. यूलियुस मायर याने 1842 मध्ये आणि हेल्महोल्ट्झ याने 1847 मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेचा विचार मांडल्यानंतर, आणि जेम्स जूलच्या प्रयोगांनी त्याला आधार दिल्यानंतर, तो टाळता येत नाही. रॅपने होज वाचते, पण अडवलेली उष्णता मॅनिफोल्डच्या धातूला सोसावी लागते. उघडी नळी आपली उष्णता चहूकडे टाकून स्वतःला काहीशी थंड ठेवत होती. ती वाट बंद झाल्यावर तिचे तापमान वायूच्या तापमानाकडे सरकते, गंज लवकर चढतो, वारंवार तापण्या-निवण्याने पडणाऱ्या भेगा लवकर दिसू लागतात, आणि रॅपमध्ये पावसाचे पाणी मुरले तर साध्या पोलादाच्या नळीला ते बाहेरून खाते. एकाचे रक्षण करताना दुसऱ्याचा ताप वाढतो, आणि ज्याचा वाढतो तो वेष्टनाखाली झाकलेला असल्यामुळे पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटतो. प्रतिबंधकाच्या व्याख्येत ही गोष्ट घालायला हवी होती असे प्रस्तुत लेखनाचे आग्रहाचे म्हणणे आहे : ज्याचा अभाव एका कार्याला कारण होतो, त्याचा भाव दुसऱ्या कोणत्या कार्याला कारण होतो, हे सांगितल्याशिवाय प्रतिबंधकाचे वर्णन पूर्ण होत नाही.

हा केवळ यंत्रापुरता मुद्दा नाही, कारण ज्या दर्शनांनी हा वाद घातला त्यांचे अंतिम प्रयोजन दुःखनिवृत्ती हे होते. गौतमांच्या न्यायसूत्रांत मोक्ष म्हणजे दुःखापासून आत्यंतिक, म्हणजे पुन्हा न उलटणारी, सुटका असे मानले आहे आणि तिचा मार्ग दुःखाला अडवण्याचा नसून कारणपरंपरा मुळाशी तोडण्याचा आहे : मिथ्याज्ञान गेले की दोष जातात, दोष गेले की प्रवृत्ती, प्रवृत्ती गेली की जन्म आणि जन्म गेला की दुःख. योगदर्शनाने क्लेशांच्या अवस्था सांगताना एका क्लेशाने दुसरा दबला जाण्याची ‘विच्छिन्न’ अवस्था वेगळी नोंदवली आणि भाष्यकारांनी क्लेशाचे बीज ज्ञानाने दग्ध होणे ही गोष्ट तिच्याहून सर्वस्वी निराळी ठेवली, यातही हाच विवेक आहे. क्रोध प्रकट झाला नाही एवढ्यावरून तो क्षीण झाला असे साधकाने समजू नये, अशी ताकीद या परंपरांनी वारंवार दिली आहे. तो कुठे साठला, कोणाला सोसावा लागला, आपल्याच अंतःकरणाला की घरातल्या दुर्बळ माणसाला, हे पाहिल्यावाचून निग्रहाला शांती म्हणता येत नाही. प्रतिबंध आणि निवृत्ती यांतील हा भेद नैयायिकांना मोक्षाच्या प्रकरणात पूर्ण अवगत होता, पण अग्नीच्या प्रकरणात त्यांनी तो वापरला नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

रॅप वापरूच नये, असा निष्कर्ष यातून निघत नाही. तप्त वायूतील उष्णता टर्बाइनपर्यंत पोहोचवणे हे इष्टच आहे. तापमानाला टिकणाऱ्या उत्तम स्टेनलेस पोलादाच्या नळीवर, टर्बाइनच्या आधीच्या वाटेवर ते वेष्टन योग्य जागी असते. टर्बाइनच्या कवचावर घालायचे जाड आच्छादन मात्र मधल्या बेअरिंगच्या भागावर येऊ देऊ नये, कारण त्या भागाला उष्णता टाकून देण्याची मोकळीक लागते, आणि तप्त कवच आच्छादनाखाली अधिक काळ तापलेले राहत असल्यामुळे इंजिन बंद करण्यापूर्वी ते काही वेळ संथ चालू ठेवणे अशा गाडीत अधिकच आवश्यक ठरते. याउलट, टर्बोने दाबलेल्या हवेची उष्णता इंटरकूलरमधून, म्हणजे ती हवा निववणाऱ्या भागातून, बाहेरच्या वाऱ्याला देऊन टाकली जाते. तिथे अडवणूक नाही, विसर्जन आहे. रॅपवर गळके ऑइल मुरले तर तोच रॅप पेट घेऊ शकतो. त्यात न्यायदृष्ट्या विसंगती काही नाही, कारण एखादी वस्तू स्वभावतः प्रतिबंधक नसते, अमुक कार्याच्या संदर्भात ती प्रतिबंधक असते. होजच्या दाहाचा प्रतिबंधक असलेले वेष्टन ऑइलने भिजल्यावर आगीच्या सामग्रीतील भावरूप कारण होते, आणि म्हणून ते गुंडाळणाऱ्याला दर सर्व्हिसिंगच्या वेळी त्याखालील नळी आणि त्यावरचे ऑइलचे सांधे दोन्ही तपासावे लागतात.