वेशीबाहेरचा वीरगळ

आपल्याकडे वीरगळ वेशीपाशी किंवा देवळाच्या आवारात उभा असतो. खालच्या चौकटीत लढाई, कधी पळवून नेलेली गुरं, त्यावर अप्सरा वीराला घेऊन निघालेल्या, वर तो शिवलिंगापुढे बसलेला, माथ्यावर चंद्रसूर्य. नाव बहुधा नसतंच. पण गुरं गावाची होती, म्हणून गाव दगडाला शेंदूर लावत राहतं.

कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांची खालची चौकट कोरायला अवघड नाही. ५ डिसेंबर १९६१, काँगोतलं एलिझाबेथव्हिल, आजचं लुबुम्बाशी. तांब्यानं श्रीमंत असलेला कटांगा प्रांत फुटून निघाला होता आणि संयुक्त राष्ट्रांच्या फौजेची वाट त्याच्या सैनिकांनी अडवली होती. समोर नव्वदेक जण आणि दोन चिलखती गाड्या. त्या फौजेतल्या भारतीय तुकडीच्या सलारियांबरोबर सोळा गोरखे. रॉकेट लाँचरनं गाड्या निकामी झाल्या, मग संगिनी आणि खुकऱ्या. मानेत गोळी लागूनही ते लढत राहिले, रक्तस्रावानं कोसळले. सहाच दिवसांपूर्वी त्यांना सव्विसावं वर्ष पूर्ण झालं होतं.

पण हे गाव कोणाचं, गुरं कोणाची? समोरच्या माणसांशी भारताचं वैर नव्हतं. इथं मला त्यांचं जन्मगाव आठवतं. ते शकरगढ तालुक्यातलं. १९४७ मध्ये गुरदासपूर जिल्हा चिरला गेला, तेव्हा तेवढाच तालुका पाकिस्तानात गेला आणि अकरा वर्षांच्या गुरबचनचं कुटुंब रावीच्या अलीकडे आलं. रेघ ओढली की घराचं काय होतं, हे त्या मुलानं पाहिलं होतं. चौदा वर्षांनी तो पडला, तो दुसऱ्या कुणाच्या देशावर अशी रेघ पडू नये म्हणून चाललेल्या लढाईत. त्यांच्या मनात हे होतं असं मी म्हणणार नाही. ते हुकमावर गेले होते, आणि मेलेल्याच्या तोंडी आपले विचार घालणं हा त्याच्यावर अन्यायच. तरी हा योगायोग माझा पिच्छा सोडत नाही. १९६३ च्या जानेवारीत कटांगाचं वेगळेपण संपलं. काँगो एकसंध राहिला, सुखी मात्र झाला नाही. म्हणून ते मरण वाया गेलं असं मला वाटत नाही. रेघ पडली नाही, एवढं तर खरं.

परमवीरचक्र मिळालेले ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे पहिले माजी छात्र. तिथली मुख्य इमारत म्हणजे सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी लढलेल्या हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ सुदाननं दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली. म्हणजे परक्याच्या वेशीवर पडलेल्यांचा वीरगळ त्या परक्यानंच, इतक्या दूर सिंहगडाच्या परिसरात उभारला. घुमटाचा, लाल दगडाचा.

लुबुम्बाशीतल्या त्या रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाला सलारिया हे नाव ठाऊक असेल, अशी आशा मी धरत नाही. ५ डिसेंबरला खडकवासल्याच्या बाजूला तोंड करून मीच ते एकदा उच्चारतो.