मुक्याचा नकार

घोड्याच्या पाठीवर बसून माणसाने पराक्रम केला, तर त्या पराक्रमाचा धनी कोण? २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत बंगळूरच्या फवाद मिर्झाने इव्हेंटिंग या प्रकारात वैयक्तिक रौप्यपदक मिळवले. १९८२ साली दिल्लीत रघुबीरसिंगांनी सुवर्णपदक जिंकले, त्यानंतर छत्तीस वर्षांनी. पुढे २०२१ मध्ये तोक्योच्या ऑलिंपिकमध्ये हाच मिर्झा तेविसावा आला. स्वाराचे नाव आपण वर्तमानपत्रात वाचले. पण दोन्ही वेळा त्याच्याखाली धावणाऱ्या सेन्योर मेडिकॉट या घोड्याचे नाव किती जणांना आठवते?

हा खेळ लष्करी छावणीत जन्मला. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये तो प्रथम आला, तेव्हा रिसाल्याच्या घोड्याची परीक्षा घेणे हाच त्याचा हेतू होता. घोडा शिस्तीने चालतो का, रानातून ओढे-कुंपणे ओलांडत दौडतो का, आणि एवढे झाल्यावर थकल्या अंगाने पुन्हा अडथळ्यांवरून उड्या घेतो का, हे पाहायचे. आजही त्याचे हेच तीन भाग आहेत. पण मैदानावरचे हे चार दिवस म्हणजे त्या आयुष्याचा लहानसा तुकडा. बाकीचे आयुष्य रस्त्यावर जाते. मोठ्या स्पर्धा बहुतेक युरोपात. म्हणून आपल्या स्वाराने जर्मनीत बिऱ्हाड केले. एका गावची स्पर्धा संपली की घोडे ट्रकमध्ये चढवायचे आणि दुसऱ्या गावची वाट धरायची. प्रवासात घोड्याची मान फार वेळ उंच बांधलेली राहिली, तर त्याच्या फुप्फुसांना विकार होतो. त्याला उलटी करता येत नाही, म्हणून साधी पोटदुखीही जिवावर बेतते. तेव्हा वाटेत थांबायचे, पाणी दाखवायचे, मान खाली करू द्यायची, चारही पायांवरून हात फिरवून कोठे गरम लागते का ते पाहायचे. घोड्याचे सारे झाल्यावर मग माणसांची भाकरी.

आम्हा महालातल्या लोकांना हे फार परके वाटू नये. भोसल्यांच्या वाड्यांभोवती वाढलेली ही वस्ती; अठराव्या शतकात पहिल्या रघूजींच्या फौजा थेट बंगालपर्यंत दौडल्या, त्या घोड्यांच्याच जिवावर. त्या काळचे दोन शब्द मला नेहमी विचारात पाडतात. स्वतःच्या घोड्यावर बसणारा तो शिलेदार, आणि सरकारच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. बंगाली अंगाईगीतांत पोरांना ज्याचा धाक दाखवतात तो 'बर्गी' म्हणजे हाच बारगीर. या हिशेबाने आजचा स्पर्धक पुष्कळदा बारगीरच. घोडा कोणा धनवंताचा, नाहीतर उद्योगसमूहाचा.

शिलेदाराचा घोडा मेला की त्याची रोजी बुडे, म्हणून तो घोड्याला जपे. त्यात माया असेल, पण हिशेबही होता. बारगिराला तो हिशेब नाही. मग त्याने परक्याच्या जनावराला का जपावे? शिवछत्रपतींनी १६७०च्या दशकात चिपळूणकडील लष्कराच्या अंमलदारांना लिहिलेल्या पत्रात याचे उत्तर आहे. दाणावैरण आताच उधळाल तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय. घोडी सरकारची, पण दोष हाताळणाऱ्याचा! मालकी ज्याची असेल त्याची असो. जीव ज्याच्या हाती, जबाबदारी त्याची.

यावर कोणी म्हणेल, घोड्याला धावणे आवडतेच की! असेल. पण आवडणे निराळे आणि संमती देणे निराळे. पोराला पाण्यात डुंबायला आवडते, म्हणून आपण त्याला पुरात उतरू देत नाही. तोक्योच्या त्याच स्पर्धेत स्विस संघाच्या जेट सेट या चौदा वर्षांच्या घोड्याच्या पायाचा स्नायुबंध दौडताना तुटला आणि त्याला कायमचे निजवावे लागले. वैद्य होते, औषधे होती, काळजीत कसूर नव्हती. पण धोका पत्करला तो माणसाने, आणि मेला तो घोडा. म्हणून जनावरांना अशा खेळात आणूच नये असे म्हणणाऱ्यांना मला हसावेसे वाटत नाही. त्यांच्या म्हणण्याला निर्दोष उत्तर माझ्यापाशी नाही.

तरीही या खेळातली एक रीत मला मोलाची वाटते. स्पर्धेच्या आरंभी, आणि रानातल्या दौडीनंतर शेवटच्या उड्यांच्या आधी पुन्हा, प्रत्येक घोडा पंचांपुढे व वैद्यापुढे चालवून दाखवावा लागतो. त्या वेळी पाठीवर खोगीर नसते. ठेवणीतले कपडे घातलेला स्वार लगाम धरून घोड्याबरोबर पायी धावतो. ते दृश्य काहीसे गमतीचेही दिसते. पण पाऊल जरा अडखळले, तर पदक हाताशी आले असले तरी त्या घोड्याची स्पर्धा तेथेच संपते. मुक्याला 'नाही' म्हणता येत नाही, म्हणून त्याचे 'नाही' उच्चारण्यासाठी माणसे नेमलेली असतात.

आपल्याकडेही हे शहाणपण आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात, त्यांना तूप-हळद चोळतात. झूल आणि बाशिंग दुसऱ्या दिवशी. आधी जेथे जू घासले तेथे हात जातो. माझ्या लहानपणी महालातून सवारी घेऊन निघणारा एक टांगेवाला चढण लागली की खाली उतरून घोड्याबरोबर चालू लागे, आणि धट्ट्याकट्ट्या उतारूंकडे अशा नजरेने पाही की तेही मुकाट्याने उतरत. त्याला कोणी नियम घालून दिला नव्हता.

दसऱ्याला आपण घोड्याला हार घातला, वसुबारसेला गाय-वासराला ओवाळले. त्यात खोटे काही नाही. पण हार घालणे सोपे असते, कारण त्याने आपले काम थांबत नाही. कृतज्ञतेची कसोटी लागते ती आपला फायदा समोर उभा असताना 'आता पुरे' म्हणण्यात. घरात, शेतात, दुकानात आपल्यासाठी न बोलता राबणारे कोण कोण आहेत, हे ज्याने त्याने पाहावे. त्यातले काही मुके नसतातही. त्यांना फक्त कोणी विचारलेले नसते.