टोपीकरांचा मालक कोण?

भोरजवळच्या आंबवड्यात नागेश्वराच्या दर्शनाला येणारी माणसे बहुधा कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्यांपाशी थांबतात. शंकराजी नारायण सचिवांच्या समाधीकडे त्या मानाने कमी पावले वळतात. राजाराम महाराज जिंजीला असताना, औरंगजेबाच्या फौजा डोक्यावर असताना, रामचंद्रपंत अमात्यांच्या बरोबरीने या माणसाने इकडचे राज्य तगवले. पुढे शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले. ताराबाईंना दिलेली शपथ मोडवेना आणि शाहूंशी लढवेना, म्हणून १७०७ मध्ये शंकराजींनी जीव दिला. त्यांचे वंशज भोरचे पंतसचिव झाले. पेशवाई बुडाल्यावर त्यांची गादी टिकली ती १८२० च्या करारामुळे, आणि तो करार कोणा राजाशी झालेला नव्हता. तो एका व्यापारी कंपनीशी होता.

व्यापारी माणसे घाट चढून इथवर कशी येतील, याचा अंदाज शंकराजींच्या सहकाऱ्याने शंभर वर्षे आधीच बांधला होता. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंतांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त सावकारांना राज्याचे भूषण मानले आहे. परमुलखातून जिन्नस तेच आणतात, अडीअडचणीला कर्ज तेच देतात, म्हणून त्यांना पेठेत जागा द्यावी, सांभाळावे. पण फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच) असे टोपीकर आले की पंतांची लेखणी एकदम सावध होते. हे वरकड सावकारांसारखे नव्हेत, यांच्यामागे यांचे राजे आहेत आणि राजाला भूमीचा लोभ नाही असे होत नाही. तेव्हा त्यांनी यावे, जावे, व्यापार करावा. पण समुद्रकाठी किंवा खाडीच्या मुखाशी त्यांना जागा देऊ नये. द्यावीच लागली तर किनाऱ्यापासून काही कोस आत, भर वस्तीत, पक्के बांधकाम न करण्याच्या अटीवर. त्यांचे बळ आरमार, तोफा आणि दारूगोळ्यात आहे, हे त्यामागचे कारण. इतक्या बारकाईने वखारीची जागा ठरवणारा दस्तऐवज त्या काळात आपल्याकडे विरळाच.

ही जाण हवेतून आलेली नव्हती. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना मिठाबद्दल पत्र धाडले. पोर्तुगीजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त पडे, म्हणून व्यापारी तिकडे वळत आणि स्वराज्यातली मिठागरे बसत. महाराजांनी बारदेशच्या मिठावर एवढी जकात बसवायला सांगितली की ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा स्वस्त पडू नये. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर त्याच सुमारास आयात मालावर जकाती चढवत होता. कोल्बेरचे धोरण अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ‘व्यापारवाद’ म्हणून शिकवतात. मिठाचे पत्र मात्र इतिहासाच्या खात्यातच पडून राहते. घाटमाथ्यावरच्या घराघरात लागणारे मीठ बैलांच्या पाठीवरून कोकणातून वर येई, म्हणून हा प्रश्न फक्त किनाऱ्यापुरता नव्हता.

म्हणजे राज्याचा पैसा, जकात आणि आरमार यांची सांगड इथल्या कारभाऱ्यांना कळत होती. मग चुकले कुठे?

पंतांनी टोपीकरांमागे राजा पाहिला. तो होताही. पण १४९८ मध्ये कालिकतला उतरलेल्या वास्को द गामामागे पोर्तुगालचा राजा जसा उभा होता, तसा प्रकार इंग्रजांचा नव्हता. लंडनची कंपनी १६०० मध्ये सनद घेऊन निघाली, वलंदेजांची १६०२ मध्ये. दोन्हींत पैसा भागधारकांचा. वलंदेज कंपनीचे भाग अॅमस्टरडॅमच्या बाजारात विकले जात. धनी बदलला तरी धंदा चालूच राहायचा. आपला सावकार मेला की पेढी वारसांच्या भांडणात सापडे. कंपनीला मरण नव्हते, आणि जबाबदारीही सोयीपुरती होती.

याचा नमुना राजापुरात दिसला. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन इंग्रजी निशाण लावून गडावर तोफगोळे डागायला गेला. पुढच्या वर्षी महाराजांनी राजापूर लुटून त्याला आणि त्याच्या सोबत्यांना कैद केले. सुरतेच्या वरिष्ठांनी कैद्यांना कळवले ते साधारण असे, की तुम्ही कंपनीचा माल राखताना पकडले गेला नाहीत, वेढ्यात गोळे उडवायला गेलात म्हणून पकडले गेलात. माणसे अशी झटकली. मालाची गोष्ट वेगळी होती. राजापुरात झालेल्या नुकसानीची भरपाई कंपनी पुढे कितीतरी वर्षे मागत राहिली. १६७४ मध्ये राज्याभिषेकाला आलेल्या हेन्री ऑक्झिंडेनच्या बोलण्यातही ती होतीच. निशाण राजाचे, तोटा मात्र कंपनीचा, अशा दोन वह्या ठेवणाऱ्या परक्याशी कसे वागावे याचे उत्तर ‘आज्ञापत्रा’त सापडत नाही. ते लिहिणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. युरोपातही ही चीज नवीच होती.

पण पंतांना जे नेमके कळले होते, तेही पुढच्यांनी पाळले नाही. वरंधा घाट उतरून महाडला गेलेला माल सावित्रीतून बाणकोटच्या मुखाशी समुद्राला लागतो. तुळाजी आंग्र्यांना मोडण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हात मिळवला आणि १७५६ च्या तहात ते बाणकोट इंग्रजांकडे राहिले. अगदी खाडीच्या मुखाशी. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्रज ॲडमिरल वॉटसनच्या जहाजांनी विजयदुर्गात आंग्र्यांचे आरमार जाळले. जमिनीवरची तुकडी क्लाइव्हकडे होती. मोहीम निघण्याआधीच मुंबईत लुटीचे वाटे ठरले होते, क्लाइव्हला किती द्यायचे यावरून वादही झाला होता. लाखोंचा ऐवज इंग्रजांनी आपसांत वाटून घेतला. पेशव्यांना त्यातले काही मिळाले नाही, आणि पुढच्या वर्षी वॉटसन आणि क्लाइव्ह हेच दोघे प्लासीच्या मोहिमेवर होते.