प्रश्न फक्त बायकोलाच का?

नवऱ्याचा दडवलेला भूतकाळ हा अमेरिकी टीव्हीपटांचा हमखास विषय. लाइफटाइम वाहिनीने त्यावर कितीतरी रहस्यपट काढले. त्यांतल्या २०१० सालच्या ‘हू इज क्लार्क रॉकफेलर?’ची दखल घ्यायला हवी, कारण त्यातली गोष्ट घडलेली आहे. एरिक मॅक्कॉर्मॅकने त्यात नवऱ्याचे काम केले.

खऱ्या माणसाचे नाव क्रिश्चियन गेरहार्ट्सराइटर. बव्हेरियातला हा मुलगा १९७८ मध्ये, सतराव्या वर्षी, अमेरिकेत आला आणि एकामागून एक नावे बदलत गेला. शेवटी त्याने रॉकफेलर हे तिथल्या अतिश्रीमंत घराण्याचे आडनाव लावले. हार्वर्डमधून व्यवस्थापन शिकलेल्या, मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत मोठ्या पदावर पोचलेल्या स्त्रीशी त्याने १९९५ मध्ये लग्न केले. घर तिच्या पगारावर चाले, व्यवहार मात्र सगळा त्याच्या हाती. घटस्फोटाच्या वेळी खासगी हेराने शोध घेतला, तर या माणसाचा आगापिछा कुठल्याच कागदावर नव्हता. जुलै २००८ मध्ये बोस्टनला त्याने स्वतःच्या सात वर्षांच्या मुलीला पळवले आणि आठवड्याभरात तो बाल्टिमोरमध्ये सापडला.

मग सगळ्यांनी एकच प्रश्न धरला: इतकी हुशार बाई, तिला कळले कसे नाही? अपहरणाच्या २००९ मधल्या खटल्यात बचावपक्षाच्या वकिलानेही तिला हेच खोदून खोदून विचारले.

हा प्रश्न अन्यायाचा आहे. या रहस्यपटांची रचनाच अशी असते की शंका बायकोला यायची, कपाटे तिने उघडायची, पुरावे तिनेच गोळा करायचे. नवऱ्याचा खरेपणा तपासणे हे जणू तिच्या संसारातलेच एक काम. गेरहार्ट्सराइटरच्या बाबतीत मात्र ती सोडून इतरांच्या हाती कितीतरी जास्त माहिती होती. लग्नाच्या आधी, १९८०च्या दशकात, क्रिस्टोफर क्रो या नावाने त्याने शेअरबाजारातल्या कंपन्यांत नोकऱ्या मिळवल्या. निक्को सिक्युरिटीजने तर त्याला रोखे विभागाचा प्रमुख केले. पुढे रॉकफेलर झाल्यावर बोस्टनच्या अल्गाँक्विन क्लबने त्याला संचालकपद दिले. कोणी आडनावासमोर, कोणी रुबाबदार बोलण्यासमोर, अशी सगळ्यांनी मान तुकवली.

पोलिसांचे काय? कॅलिफोर्नियातल्या सॅन मरीनोमध्ये तो एका घराच्या आवारातल्या छोट्या घरात राहत असताना, १९८५ मध्ये, मालकिणीचा मुलगा जॉन सोहस आणि त्याची पत्नी लिंडा बेपत्ता झाले. जॉनच्या ट्रकचा माग कनेक्टिकटमध्ये या ‘क्रो’पर्यंत पोचलाही होता, पण तो निसटला. १९९४ मध्ये त्या घरामागे पोहण्याच्या तलावासाठी खणताना जॉनचे अवशेष निघाले. तरीही ‘क्रो’ सापडला नाही. तो तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलर म्हणून उजळ माथ्याने वावरत होता. जे पोलिसांना जमले नाही, ते पत्नीने जेवणाच्या टेबलावर ओळखायला हवे होते, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

टीव्हीपट दाखवला गेला तेव्हा खुनाचा आरोपही ठेवलेला नव्हता. तो २०११ मध्ये ठेवला गेला. २०१३ मध्ये गेरहार्ट्सराइटर दोषी ठरला आणि त्याला २७ वर्षे ते आजन्म अशी शिक्षा झाली. लिंडाचा पत्ता लागला नाही.

या प्रकरणावर पुन्हा चित्रपट निघालाच, तर लेखकाने तो त्या बाईच्या स्वयंपाकघरातून सुरू करू नये. गेरहार्ट्सराइटरला नोकरी देणाऱ्या कंपनीच्या कचेरीतून करावा, आणि ‘कळले कसे नाही’ हा प्रश्न पहिल्यांदा तिथे विचारावा.