दुय्यम

वडिलांच्या अखेरच्या चार महिन्यांत त्यांची शुश्रूषा करायला एक बाई रोज सकाळी येत. अंग पुसत, कूस बदलून देत, वडील फार चिडले तर त्यांना दोन शब्द सुनावतही. वडील गेल्यावर मी त्यांच्यावर लेख लिहिला. त्यात डॉक्टर होते, वडिलांचे मित्र होते, मी तर होतोच. बाईंचा उल्लेख ‘एक परिचारिका’ असा आला. त्यांचे नाव मला आठवले नव्हते, आणि त्याचे काही वाटलेही नव्हते.

ते वाटले काही वर्षांनी, हिचकॉकचा ‘रिअर विंडो’ (१९५४) पुन्हा पाहताना. पाय मोडून खुर्चीत अडकलेल्या नायकाला मालिश करायला विमा कंपनीची परिचारिका येते. शेजाऱ्यांच्या खिडक्यांत डोकावू नये, हे त्याला प्रथम बजावते ती हीच. चित्रपट मी पूर्वी तीनदा पाहिला होता. जेम्स स्टुअर्ट आणि ग्रेस केली लक्षात होते. परिचारिका झालेल्या थेल्मा रिटर यांचे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचले.

रिटर यांचा जन्म १९०२ चा, ब्रुकलिनचा. ‘मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट’ (१९४७) मध्ये त्या पहिल्यांदा पडद्यावर आल्या तेव्हा वय पंचेचाळीस होते. नाताळच्या खरेदीने दमलेल्या एका आईचे ते छोटेसे काम, आणि श्रेयनामावलीत त्यांचे नावही नव्हते. पुढे १९५० ते १९६२ या काळातल्या चित्रपटांसाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्रीच्या ऑस्करची सहा नामांकने मिळाली, त्यातली चार तर लागोपाठच्या वर्षांची. पुरस्कार एकदाही मिळाला नाही. १९६९ साली त्या वारल्या. मोलकरीण, परिचारिका, कुणाची तरी आई अशाच त्यांच्या बहुतेक भूमिका. ‘द मेटिंग सीझन’ (१९५१) मध्ये तर सून सासूला ओळखत नाही, स्वयंपाकीण समजून कामाला ठेवते, आणि सासूही ते चालवून घेते. गोष्ट सगळी तिच्याभोवती फिरते, तरी नामांकन ‘सहाय्यक’चेच. ही वर्गवारी १९३६ च्या चित्रपटांपासून सुरू झाली, आणि आरंभीची काही वर्षे तिच्या विजेत्यांना बाहुली न देता फलक देत.

माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे कांटने १७८५ मध्ये लिहिले. वाक्याचा सगळा भार ‘केवळ’ या शब्दावर आहे. एकमेकांना साधन म्हणून आपण रोजच वापरतो: वाणी, शिक्षक, रिक्षावाला, परिचारिका. त्यावाचून जगणे अशक्य आहे. अन्याय होतो तो त्या ‘केवळ’पाशी. आणि दुय्यम पात्र तर रचनेनेच साधन असते. नायकाला निरोप द्यायचा, सावध करायचे, गरज पडली तर मरायचे, म्हणजे नायक बदलतो. ‘ऑल अबाउट ईव्ह’ (१९५०) मधली बर्डी हे ढळढळीत उदाहरण आहे. ईव्हचे ढोंग सर्वांत आधी तिला कळते. पण तिचे काम संपल्यावर चित्रपट तिला विसरतो, आणि खरे उघडकीला येते तेव्हा ते आधी ओळखणारी बाई तिथे नसते.

मग सॅम्युएल फुलर यांचा ‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’ (१९५३) पाहावा. त्यातली मो नेकटाय विकते आणि पोलिसांना खबरी विकते. खिसेकापू नायकाचा पत्ताही तिनेच विकलेला असतो, आणि तिला पोट आहे हे जाणून तो तिच्यावर राग धरत नाही. ती पैसे साठवते आहे ते स्वतःच्या दफनासाठी. न्यूयॉर्कच्या बेवारशांच्या दफनभूमीत आपण जाऊ नये, एवढीच तिची इच्छा. शेवटी एक खुनी तोच पत्ता विकत घ्यायला येतो, तेव्हा मो नकार देते. रिटर हा प्रसंग शौर्याचा करत नाहीत. दिवसभर पायपीट करून आलेल्या, आणखी एक सौदा करण्याचे त्राण न उरलेल्या बाईसारख्या त्या बोलतात. कथेच्या हिशेबात मो नायकाला पालटण्यासाठी मरते. पण त्या काही मिनिटांत ती कुणाच्या उपयोगाची आहे, हा प्रश्नच मनात येत नाही. तिला स्वतःची थकलेली पावले आहेत, स्वतःचा मृत्यू आहे. पुढे नायक तिची शवपेटी बेवारशांकडे जाण्यापासून सोडवून आणतो, तिला नीट पुरायला.

कोणतीही भूमिका छोटी नसते, असे म्हणून इथे समाधान मानता येईल. मला ते खोटे वाटते. छोट्या भूमिका असतात. त्यांचे पैसे कमी असतात, नाव खाली असते, आणि त्या सहसा कष्टकऱ्यांच्याच वाट्याला येतात. रिटर यांनी ही उतरंड मोडली नाही, त्यांना ते शक्यही नव्हते. त्यांनी एवढेच केले की मिळालेल्या जागेत उभे राहून त्या ‘केवळ’ला नकार दिला. मात्र नटी तिच्या बाजूने नकार देऊ शकते. पाहणाऱ्याचे काम ती करू शकत नाही. मी तीनदा चित्रपट पाहून तिला पाहिले नव्हते.

मी बहिणीला फोन केला. तिला बाईंचे नाव ठाऊक होते, त्यांच्या मुलाची दहावी त्याच वर्षी होती हेही. “आत्ता कशाला हवंय?” तिने विचारले. लेख पुस्तकात येतो आहे, त्यात घालायचे आहे, असे मी म्हणालो, आणि बोलता बोलताच अडखळलो. म्हणजे माझा लेख पुरा व्हावा म्हणून मला पुन्हा त्याच बाई हव्या होत्या. या मजकुरातही मी त्यांना कामाला लावलेच आहे. म्हणून नाव इथे लिहीत नाही. आधी त्यांना भेटून विचारायला हवे. पत्ता बहिणीने दिला आहे.