गुण वाढतात, पण कशाचे?

जोगेश्वरी पूर्वेला श्यामनगर तलावाकाठी सकाळी फिरून बाकावर टेकणाऱ्या ज्येष्ठांच्या हातात आता वर्तमानपत्राच्या जोडीला मोबाइलही दिसतो. त्यात मुलानं किंवा सुनेनं मायेनं घालून दिलेलं मेंदूच्या व्यायामाचं अ‍ॅप असतं. चित्रांच्या जोड्या लावा, आकडे उलटे सांगा, वेगळा रंग ओळखा. त्यामागची काळजी खरी आहे. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडलं, तरी पोटात गोळा येतो.

पण खेळात गुण वाढतात, तेव्हा नेमकं काय वाढतं? २०१० साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका प्रयोगात ११,४३० जणांनी सहा आठवडे संगणकावर असेच खेळ खेळले. सराव केलेल्या खेळांत ते तरबेज झाले, मात्र ती हुशारी इतर बौद्धिक कामांत उतरली नाही. ही मंडळी साठीच्या आतली होती. पासष्टीपुढच्या २,८३२ जणांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासात तर्क आणि आकलनाचा वेग यांच्या प्रशिक्षणाचा लाभ दहा वर्षांनंतरही दिसला, स्मरणशक्तीच्या प्रशिक्षणाचा मात्र तोवर ओसरला होता. म्हणजे सराव अगदीच वाया जात नाही. ज्याचा करावा, त्यापुरता तो फळतो. अशा अ‍ॅपच्या जाहिराती याच्या फार पुढे गेल्या, म्हणून २०१६ मध्ये ‘लुमोसिटी’ या मेंदूच्या खेळांच्या अ‍ॅपच्या कंपनीला अमेरिकी व्यापार आयोगाशी तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागले.

याउलट स्टेशनबाहेरच्या बाजारात भाजी घेणारी आजी पाहा. काय आणायचं ते डोक्यात, कालचा भाव आठवणीत, मेथीची जुडी उलटून पाहणारे हात, सुट्ट्या पैशांचा हिशेब, भाजीवालीशी घासाघीस आणि त्यातच मागून येणाऱ्या रिक्षाचं भान. स्मृती, लक्ष, भाषा, चाल, सगळं एकदम कामाला लागतं आणि समोर उत्तर देणारं माणूस असतं. पडद्यावरच्या खेळात हे माणूसच नसतं.

‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. बालपणी न मिळालेलं शिक्षण, ऐकू कमी येणं, रक्तदाब, मधुमेह, बैठेपणा, एकटेपणा ही त्यांतली काही. ही सगळी हाताळता आली, तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो, असा त्यांचा हिशेब आहे. ऐकू येत नाही म्हणून गप्पांतून हळूहळू बाजूला झालेल्या आजोबांना आधी कानांची तपासणी हवी, मग अ‍ॅप.

शिक्षणाचा मुद्दा तर थेट आपल्या आज्यांचा आहे. दुसरी-तिसरीत शाळा सुटलेल्या बाईच्या हाती इंग्रजी सूचनांचं, वेळ मोजणारं अ‍ॅप दिलं, तर पहिल्याच डावात ‘मला नाही जमत’ एवढंच ती शिकते. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावानं २०१६ च्या महिला दिनी वेगळी वाट धरली. तिथं आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन साठी-सत्तरीपुढच्या बाया पाटीवर अक्षरं गिरवू लागल्या, अंगठ्याऐवजी सही करू लागल्या. ही शाळा म्हणजे स्मृतिभ्रंशावरचा इलाज, असा दावा मी करणार नाही. पण म्हातारपणी मेंदूला जे द्यावं असं मला वाटतं, ते सगळं तिथं आहे: नवं काहीतरी, थोडं अवघड, चारचौघींच्या सोबतीनं आणि रोजच्या उपयोगाचं.

अ‍ॅप आवडत असेल तर जरूर खेळावं. त्यात गैर काही नाही. फक्त तेवढ्यानं आपलं कर्तव्य झालं, असं मुलांनी समजू नये. जोगेश्वरीतल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी, भजनी मंडळांनी, सोसायट्यांनी आठवड्यातून एक वर्ग नव्या शिक्षणाचा ठेवावा: नवी चाल, नवी लिपी, मोबाइलवरून वीजबिल भरणं, काहीही. आणि घरच्यांनी रक्तदाब, साखर, कान, डोळे वेळेवर तपासून घ्यावेत. विसरभोळेपणा रोजच्या व्यवहारात आडवा येऊ लागला, तर वयावर ढकलून न देता डॉक्टरांना गाठावं. हे काम कोणतंही अ‍ॅप आपल्या वतीनं करणार नाही.