केवढ्याले भेटला?

चिखलदऱ्याच्या एका रात्रीच्या ट्रेकसाठी मी हेडलॅम्प घेतला. लुमेन किती, पावसात टिकेल का, चार्ज किती तास पुरेल, आठवडाभर मोबाइलवर हेच. अचलपूरला परतल्यावर तो खुंटीला गेला.

त्याच रात्री बाबा संत्र्याच्या बगीच्यात ओलित करायला निघाले. शेतीची लाइन पाळीपाळीनं येते. त्या आठवड्यात रात्रीची होती. फावड्याला दोन्ही हात लागतात, म्हणून बॅटरी दातांत धरून ते पाणी वळवतात. लहानपणापासून पाहतोय. गरज ठरवताना मात्र मला फक्त माझंच डोकं दिसलं.

हेडलॅम्प दिला. ‘केवढ्याले भेटला रे?’ मी निम्मी किंमत सांगितली. खरी ऐकून त्यांनी वापरला नसता, हे कारण सोयीचं आहे. खरं तर लाज वाटली.

आज लाइन रात्री साडेअकराला. हेडलॅम्प चार्जिंगला लावलाय.